आधी सदस्यांची यादी, मग अध्यक्ष

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर एक वाक्य हमखास कानावर पडते : "आपल्या सगळ्या नेत्यांनी एकत्र यायला पाहिजे." म्हणणाऱ्याची तळमळ खरी असते. पण या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पक्ष म्हणजे नेते, ते एकत्र बसले की पक्ष एक झाला आणि ते उठून गेले की पक्ष फुटला. या नेत्यांना अध्यक्ष कोणी केले, किती मतांनी, किती वर्षांसाठी, आणि ती मुदत केव्हा संपते, हे प्रश्न आपण विचारतच नाही. आंबेडकरी राजकारणातली गेल्या साठ-सत्तर वर्षांची फूट मला या न विचारलेल्या प्रश्नांशी जोडलेली दिसते. स्वार्थ, फितुरी, मोठ्या पक्षांचे डावपेच हे सगळे होतेच. पण ते सगळ्याच पक्षांच्या वाट्याला येते. भांडण झाल्यावर ते मिटवायची रीत नसेल, तर मात्र प्रत्येक भांडणाचा शेवट नव्या कंसात होतो. 'रिपाइं' या अक्षरांपुढचे कंस मोजून पाहा.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा अध्यक्षपद मद्रासच्या रावबहादूर एन. शिवराज यांच्याकडे गेले आणि सरचिटणीस झाले पां. ना. राजभोज. त्या घडीला देशातल्या अस्पृश्यांचा बाबासाहेबांइतका मोठा नेता दुसरा कोणी नव्हता, तरी पक्षाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर ते नव्हते. चळवळीचा नेता आणि संघटनेचा पदाधिकारी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तिथे दिसते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणाचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. नेता घडवावा लागतो, आणि तो एकच असून चालत नाही, हे त्यामागे होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल त्यांनी दिलेला इशारा आपण पोस्टरवर छापतो. पोस्टरवर तो देशाच्या संदर्भात असतो. पक्षाच्या कार्यालयात तो कोणी लावत नाही.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. बाबासाहेब गेलेले होते. त्यांची जागा एकट्याने घेण्याची कोणाचीच छाती नव्हती, म्हणून ज्येष्ठांनी सामूहिक नेतृत्वाचा मार्ग धरला. तो विचार त्या वेळी शहाणपणाचाच होता. पण दोन वर्षांच्या आतबाहेर बी. सी. कांबळे यांचा गट वेगळा झाला. 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. एका बाजूला शहरातले शिकलेले वकील, दुसऱ्या बाजूला गावखेड्यात पाय रोवून उभे असलेले दादासाहेब गायकवाड. वाद नेतृत्वाचा होता, धोरणाचाही होता. असे वाद कोणत्याही जिवंत पक्षात होतात. प्रश्न हा की, तो सोडवायचा कोणी? दोन्ही बाजू ज्याच्यापुढे मान तुकवतील असा सदस्यांचा कौल घेण्याची व्यवस्था उभी राहिली नव्हती.

याच पक्षाने १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यात घरात उद्याचे पीठ नसलेल्या बायाही होत्या. एवढी मोठी शिस्तबद्ध लढाई करू शकणारी संघटना आपला अध्यक्ष आपल्याच माणसांकडून शांतपणे निवडून घेऊ शकली नसती का? नक्की शकली असती. पण जेलमध्ये जाणाऱ्याला मत विचारायचे असते, ही रीत बसली नाही. साठच्या दशकातच आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले. १९७० च्या सुमारास गायकवाड आणि खोब्रागडे असे गट झाले. पुढचे आपल्याला पाठ आहे.

'ऐक्य' या शब्दाचा इतिहासही याच अंगाने वाचला पाहिजे. १९८९-९० च्या सुमारास ऐक्य झाले, १९९५-९६ मध्ये पुन्हा झाले. दुसऱ्या वेळचे फळ तर डोळे दिपवणारे होते. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत, काँग्रेसशी युती करून, महाराष्ट्रातून चार जण निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चौघेही खुल्या मतदारसंघांतून. तरीही ते ऐक्य टिकले नाही. माझ्या मते याचे कारण असे की, दोन्ही वेळा ऐक्याचा ठराव नेत्यांच्या मंडळात झाला होता. चार गटांचे चार प्रमुख एका मंडळात बसले, तरी प्रत्येकाच्या मागे त्याचाच गट राहतो आणि प्रत्येकाच्या खिशात उठून जाण्याचा हक्क राहतो. चारही गटांच्या सदस्यांची एक यादी झाली असती आणि तिच्यातून तालुक्यापासून वर निवडणूक झाली असती, तर उठून जाणाऱ्याला गट नेता आला नसता. फार तर स्वतःला नेता आले असते.

कायदा काय सांगतो?

"हा पक्षाचा अंतर्गत मामला आहे," असे उत्तर कार्यकर्त्याला नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी करताना पक्षाची घटना द्यावी लागते. तिच्यात संविधानाशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहावी लागते. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका ठरावीक काळाने, जास्तीत जास्त पाच वर्षांनी होतील, अशी तरतूदही आयोगाला लागते. २०२२ मध्ये आंध्रातल्या वायएसआर काँग्रेसने 'कायम अध्यक्ष' नेमल्याची बातमी आली, तेव्हा आयोगाने अशी कल्पनाच लोकशाहीविरोधी असल्याचे बजावले. पण या सगळ्याला दात नाहीत. २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, काही मोजके अपवाद सोडले तर नोंदणी झालेल्या पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने दिलेला नाही. म्हणून घटना कपाटात राहते आणि नियुक्तीपत्रे लेटरहेडवर वाटली जातात.

कपाटातली ही घटना पक्ष फुटला की एकदम बाहेर येते. कोणता गट खरा पक्ष, हे ठरवताना आयोग १९६८ च्या चिन्हे आदेशातला १५ वा परिच्छेद लावतो. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतरच्या सादिक अली खटल्यात, १९७१ साली, सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून तीन कसोट्या चर्चेत असतात : पक्षाचे ध्येय-उद्दिष्ट, पक्षाची घटना, आणि बहुमत. बहुमतही दोन ठिकाणचे, संघटनेतले आणि विधिमंडळातले.

आता शिवसेनेच्या खटल्यात काय झाले ते पाहा. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने म्हटले की, २०१८ मध्ये बदललेली पक्षघटना लोकशाहीला धरून नाही आणि पदाधिकारी निवडण्याऐवजी नेमले गेले आहेत. म्हणून घटनेची कसोटी निरुपयोगी, संघटनेतल्या बहुमताची कसोटीही निरुपयोगी. उरले फक्त आमदार-खासदार. ते मोजले आणि नाव-चिन्ह एकनाथ शिंदे गटाला दिले. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीच्या बाबतीत तसेच घडले, आणि अजित पवार गटाला पक्ष मिळाला. हे निर्णय बरोबर की चूक यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. आपल्याला त्यातून एवढेच उचलायचे आहे की, संघटनेच्या निवडणुका नीट झालेल्या नसतील, तर पक्ष कोणाचा हे ठरवताना लाखो कार्यकर्त्यांची किंमत शून्य होते. सतरंज्या उचलणारा, पोलीस ठाण्यात रात्र काढणारा, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदाराला सांभाळणारा माणूस त्या मोजणीत कुठेच नसतो.

ज्या पक्षांचे आमदार पन्नास होते, त्यांचे हे झाले. आपल्या पक्षांचे विधिमंडळातले बळ एक-दोनवर किंवा शून्यावर असते. तिथे संघटना हीच एकमेव मालमत्ता आहे, आणि तिचीच कागदोपत्री नोंद नाही.

संघात मत कसे घेत?

संविधान सभेतल्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला होता. आसनव्यवस्था, ठराव मांडण्याचे नियम, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळे संघाला माहीत होते, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. आपण हे अभिमानाने सांगतो, पण तपशिलात जात नाही. विनयपिटकात तो तपशील आहे.

संघात आधी ज्ञप्ती मांडायची, म्हणजे प्रस्ताव काय आहे ते सर्वांना कळवायचे. महत्त्वाच्या कामात प्रस्ताव तीनदा उच्चारायचा आणि विरोध असेल त्याने बोलायचे. कोणत्या कामाला किती भिक्खू हजर हवेत याचे आकडे ठरलेले : चार, पाच, दहा, वीस. एकमत झालेच नाही, तर बहुमत. त्यासाठी सलाका, म्हणजे लाकडी कांड्या, वाटल्या जात. त्या वाटणारा कोण असावा, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जो लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने झुकणार नाही आणि कोणती कांडी घेतली गेली, कोणती नाही हे ज्याला नीट कळते, अशालाच संघ नेमत असे. आजच्या भाषेत तो निवडणूक अधिकारी. वादातल्या पक्षकाराने तो नेमायचा नाही, संघाने नेमायचा.

यात सगळेच आजच्या कसोटीला उतरते असे नाही. गुप्त मतदानात अधम्माची बाजू जास्त भरली, तर मतदान नीट झाले नाही असे सांगून ते पुन्हा घ्यायची मुभा कांड्या वाटणाऱ्याला होती. ही तरतूद आज कोणी आपल्या पक्षघटनेत घातली, तर मी पहिला विरोध करीन. संघ धम्माने बांधलेला होता, पक्ष मतभेदांनी भरलेला असतो. पण गणपूर्ती, पूर्वसूचना, तटस्थ अधिकारी आणि गुप्त मत या चार गोष्टी आपल्याला कोणाकडून उसन्या घ्यायला नकोत. आणि तथागतांनी आपल्यामागे कोणालाही वारस नेमले नाही, धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते असे सांगितले, हे वंदना घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्याच्या शेजारी बहुजन समाज पक्षाचे उदाहरण ठेवावेसे वाटते. कांशीराम यांनी २००१ मध्ये मायावती यांना वारस जाहीर केले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीची केलेली ती पारख होती, आणि २००७ मध्ये उत्तर प्रदेशात स्वबळावर सत्ता आली तेव्हा ती अचूक ठरली असेच म्हणावे लागेल. पण रीत तीच राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये मायावती यांनी भाचा आकाश आनंद याला वारस ठरवले, मे २०२४ मध्ये दूर केले, जूनमध्ये परत आणले, मार्च २०२५ मध्ये पक्षातूनच काढले आणि एप्रिलमध्ये पुन्हा घेतले. या पाचही वेळा गावोगावच्या कार्यकर्त्याच्या हातात बातमी वाचण्यापलीकडे काही नव्हते. एवढे कष्टाळू केडर क्वचितच कोणाकडे असेल, आणि त्याच्या मताला पक्षात जागा नाही.

निवडणूक घेतली म्हणजे झाले?

नाही. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसच्या अध्यक्षपदी पट्टाभी सीतारामय्यांना सुमारे दोनशे मतांनी हरवून निवडून आले, आणि तीन महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्रिपुरी अधिवेशनात त्यांची कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार असावी असा ठराव झाला होता. निवडून आलेल्याला काम करू द्यायचे नसेल तर मतपेटी शोभेची. २०२२ मध्ये त्याच पक्षात बावीस वर्षांनी अध्यक्षपदासाठी लढत झाली. खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते पडली. मत देणारे साडेनऊ हजारांच्या आसपास प्रतिनिधी होते. त्यांच्यातल्या अनेकांचे पत्ते-फोन यादीत नाहीत, मग प्रचार कसा करायचा, अशी थरूर यांची तक्रार होती. त्या प्रतिनिधींना तळातल्या सदस्यांनी निवडले होते का, हा त्याहून मोठा प्रश्न. भाजपमध्ये तर राष्ट्रीय अध्यक्ष बिनविरोधच ठरत आला आहे. तेव्हा "मोठे पक्ष कुठे घेतात?" हा युक्तिवाद खरा आहे, पण त्यांना ते परवडते. त्यांच्याकडे सत्ता आहे, पैसा आहे. आपल्याकडे माणसे आहेत.

मग सरळ प्रत्येक सदस्याला मत द्यावे का? ब्रिटनचा अनुभव सावध करणारा आहे. मजूर पक्षात २०१५ मध्ये सदस्यांनी जेरेमी कॉर्बिन यांना निवडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला, आणि सदस्यांनी पुन्हा त्यांनाच निवडले. पक्षाची दोन तोंडे दोन दिशांना झाली. हुजूर पक्षात २०२२ मध्ये खासदारांचा कल सुनक यांच्याकडे होता, सदस्यांनी लिझ ट्रस यांना निवडले. त्यांचे पंतप्रधानपद पन्नास दिवसही टिकले नाही. मला यापेक्षा जर्मनीची वाट आपल्या जवळची वाटते. नाझी काळ भोगलेल्या त्या देशाने पक्षांची अंतर्गत रचना लोकशाहीची असावी, हे थेट राज्यघटनेच्या २१ व्या कलमात लिहिले आणि १९६७ मध्ये त्यासाठी कायदा केला. कार्यकारिणी किमान दर दोन वर्षांनी निवडायची, ती गुप्त मतदानाने. पदसिद्ध म्हणून आत येणारे एक-पंचमांशापेक्षा जास्त नकोत. आणि पक्षांतर्गत वाद सोडवायला लवाद, ज्याच्या सदस्याला कार्यकारिणीत बसता येत नाही. १९५९ मध्ये आपल्याकडे असा लवाद असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या पक्षांसाठी मी वस्तीपासून सुरुवात करीन. वस्ती किंवा गाव शाखेत प्रत्येक सदस्याला थेट मत. तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर शाखांनी निवडलेले प्रतिनिधी. राज्याध्यक्षाला तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनच वेळा. नेमलेली पदे असावीत, पण एक-तृतीयांशाच्या वर नाही. उमेदवारी वाटणाऱ्या समितीत अध्यक्ष एकटा नको. महिलांसाठी राखीव जागा 'महिला आघाडी'त नव्हे, मुख्य कार्यकारिणीत हव्यात. सभेला गर्दी बायकांची आणि मंचावर एक खुर्ची, तीही कोपऱ्यातली, हे चित्र राखीव जागांशिवाय बदलणार नाही. पोटजातींचेही उघड बोलले पाहिजे. नवबौद्धांच्या पलीकडे मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, आदिवासी पक्षात यावेत असे आपण म्हणतो. पण निवडून येण्याची वाट नसेल, तर ते एखाद्या सेलचे प्रमुख म्हणूनच राहतात.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि तो अनुभवी कार्यकर्ते घेतात : निवडणूक ठेवली तर मोठा पक्ष पैसे देऊन हजार सदस्य घुसवील आणि आपला अध्यक्ष तोच ठरवील. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपायही कागदाचाच आहे. निवडणुकीच्या निदान वर्षभर आधी सदस्य झालेल्यालाच मत, वर्गणी स्वतः भरलेली, पावतीवर क्रमांक, यादी शाखेत महिनाभर लावलेली, हरकती मागवलेल्या. आजच्या पद्धतीत तर हजार माणसेसुद्धा विकत घ्यावी लागत नाहीत. एकाला घेतले की पक्ष येतो.

रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये जर्मनीतल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून म्हटले की, कोणतीही संघटना शेवटी मूठभरांच्या हाती जाते. एम.ए.ला हे शिकताना आम्ही ते अंतिम सत्य समजून वहीत उतरवले. पण मी काम करते त्या वस्त्यांमधल्या बचत गटांत दुसरे काही दिसते. पंधरा-वीस बाया, त्यातल्या काही फक्त सही करू शकणाऱ्या. दर महिन्याला बैठक, इतिवृत्ताची वही, हिशोब मोठ्याने वाचायचा, अध्यक्ष आणि सचिव ठरल्या मुदतीने बदलायचे. भांडणे होतात, कडाक्याची होतात, पण वही आणि पासबुक समोर असल्यामुळे गट मोडत नाही. जयंती समितीचेही तसेच. यंदाचा अध्यक्ष पुढच्या वर्षी वर्गणी गोळा करत फिरतो आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. हिशोब द्यायला उशीर झाला, तर विहाराच्या पायरीवर त्याला विचारणारे दहा जण असतात.

पक्षात हे आणायला वरून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नोंदणी झालेल्या पक्षाची घटना निवडणूक आयोगाकडे असते. ती मिळवून एकदा शाखेत बसून वाचा. अध्यक्षाची मुदत किती, शेवटची निवडणूक केव्हा झाली, सदस्यत्वाची वर्गणी किती, हे तिच्यात शोधा. पुढच्या वेळी कोणी 'शहर उपाध्यक्ष' म्हणून नियुक्तीपत्र पुढे केले तर हार घालून घेण्याआधी विचारा : शहरात सदस्य किती आहेत, आणि यादी कोणाकडे आहे?